गुलाबी अळी आणि फेकलेली पुडी

कपाशीचं फूल सकाळी उमलायला हवं. काही फुलं मात्र उमलतच नाहीत. पाकळ्या एकमेकींत गुंतून अर्धवट मिटलेल्या राहतात. शेतकरी त्यांना डोमकळी म्हणतो. पाकळ्या अलगद सोडवल्या की आतून त्या धाग्यांनी शिवून टाकणारी बारीक अळी सापडते. हिचीच पुढची पिढी बोंडात शिरते, तेव्हा एवढीही खूण उरत नाही. शिरताना पाडलेलं भोक बोंड वाढता वाढता बुजतं. बाहेरून बोंड हिरवंगार आणि आत सरकी पोखरलेली. ते फुटतं तेव्हा हाती येते ती पिवळट, चिकटलेली कवडी.

ही गुलाबी बोंडअळी आपल्याकडची जुनी रहिवासी. १८४२ साली भडोचच्या कपाशीवर ती सापडली आणि सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने पुढे तिचं शास्त्रीय वर्णन केलं. भडोच तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १९९०च्या दशकात खरी दहशत होती ती अमेरिकन बोंडअळीची. फवारणीला ती दाद देईना, म्हणून मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जालन्याच्या महिकोने मोन्सॅन्टोच्या तंत्रावर बनवलेलं हे वाण. त्यात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक होता. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्याच्या अस्तराला जाऊन चिकटतं, तिथे छिद्रं पडतात आणि अळी मरते. २००६ मध्ये दुसरा जनुक जोडला गेला. काही वर्षांतच महाराष्ट्रात बिगरबीटी कपाशी शोधावी लागेल अशी स्थिती आली.

२०१० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला जुमानत नाही. २०१५च्या सुमारास तिथेच दुसराही निष्प्रभ ठरला. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडंच्या बोंडं किडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

अळी ‘सरावली’ असं आपण सहज म्हणतो. सरावत कुणीच नाही. लाखांत एखाद्या अळीत, विष जिथे चिकटतं ते प्रथिनच मुळात बिघडलेलं असतं. ही खोट आईबापांकडून दुहेरी आली तरच कामाची. एकेरी असेल तर अळी मरते. म्हणजे दुहेरी खोटवाल्या अळीचा पतंग झाला आणि त्याला बिनखोटीचा साधा जोडीदार मिळाला की पिल्लं बीटी बोंडात संपली. त्यासाठी साधे पतंग शिल्लक हवेत, म्हणून शेताच्या कडेला बिगरबीटी कपाशी लावायची. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी त्यासाठीच यायची. बहुतेकांनी ती बांधावर फेकली.

यावरून शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. तीन एकरवाल्याने अळ्या पोसायला तासं सोडायची, फायदा साऱ्या शिवाराचा, नुकसान एकट्याचं. शिवाय पुडीतलं बियाणं कित्येकदा धड उगवायचंही नाही. त्याहून मोठी गडबड वाणातच होती. आपल्याकडे बीटी आली ती संकरित बियाण्यातून, दरवर्षी विकत घ्यावं लागणाऱ्या. संकराच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एका जनुकाच्या वाणात चौथाई सरक्या बिनविषारी, दोन जनुकांच्या वाणात काहींत दोन्ही विषं, काहींत एकच, सोळांत एखादीत एकही नाही. अळी खाते ती सरकीच. एकेरी खोटवाली अळी, जी मरायला हवी, तीही अशा बोंडात तगून जाऊ शकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे.

अमेरिकन बोंडअळीची गोष्ट ताडून पाहा. विष तेच, शेत तेच, तरी तिच्यावर बीटीचा जोर बराच टिकला. ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळं खाते. या पिकांवर साधे पतंग फुकटात तयार होत राहिले. गुलाबीचं पोट भरतं जवळजवळ कपाशीवरच. पुडी फेकली गेली तेव्हा तिच्या साध्या भाऊबंदांना राहायला जागाच उरली नाही. अमेरिकेत ॲरिझोनात बिगरबीटी पट्टे नेमाने राखले गेले, मग २००६ पासून विमानातून वंध्य पतंग सोडले आणि २०१८ मध्ये तो देश या अळीतून मुक्त झाल्याची घोषणा झाली.

जुहूच्या फ्लॅटमध्ये बसून हे सगळं परक्या शिवारातलं वाटेल. पण ओट्याखाली झुरळांसाठी जेलचे ठिपके लावून जाणारा माणूसही याच खेळात आहे. जेलमध्ये विषाबरोबर आमिषाला ग्लुकोज असायचं. १९९३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी ग्लुकोजला तोंडच न लावणारी झुरळं नोंदवली, आणि वीस वर्षांनी कारण कळलं: त्यांना ते कडू लागतं! कंपन्यांना आमिष बदलावं लागलं.

कपाशीत आमिष बदलण्याची सोय नाही. नवा जनुक बाजारात नाही. उरतं ते हातचं काम. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे, सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारायचं, कारण अळी एकदा बोंडात गेली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत, कारण दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत अळी उन्हाळाभर झोपून राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिसेंबरअखेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायच्या, फरदड म्हणजे हंगाम लांबवून जादा वेचणी घ्यायची नाही. जानेवारीत कापसाला भाव असला आणि विहिरीला पाणी असलं की हे ऐकणारा माणूस सापडणं कठीण. आणखी एका वेचणीचे पैसे हातात येतात, आणि त्या वेचणीपर्यंत पोसलेली अळी जूनच्या कपाशीवर पतंग होऊन उतरते.