होडीला साजेसा पंखा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पहाटे उभे राहिले, की लहान होड्या पाण्यात लोटल्या जाताना दिसतात. होडीच्या मागील फळीवर यंत्र अडकवलेले असते. त्याचा पाय पाण्यात सोडून दोरी ओढली, की होडी मार्गाला लागते. यंत्र किती अश्वशक्तीचे, कोणत्या कंपनीचे, हे मालक अभिमानाने सांगतो. त्या पायाला बसवलेल्या पंख्याविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वस्तुतः यंत्राची शक्ती पाण्यापर्यंत पोहोचते ती त्या पंख्यातूनच. पंखा चुकीचा असेल, तर कर्ज काढून घेतलेले यंत्र अकाली झिजते आणि धरलेल्या मासळीची कमाई इंधनात जाते.

पंख्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. समजा, ते ९ आणि ८ असे आहेत. पहिला आकडा व्यासाचा. पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ काढतात, त्याची ही इंचांतील रुंदी होय. दुसरा आकडा पिचचा. लाकडात स्क्रू पिळला, की प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक अंतर आत शिरतो. त्याचप्रमाणे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकेल, ते पिच सांगते. पाणी अर्थातच लाकडासारखे घट्ट नसते. पंखा त्यात थोडा घसरतो, त्यामुळे हिशेबातले अंतर प्रत्यक्षात कधीच कापले जात नाही.

हा हिशेब एकदा करून पाहावा. यंत्र मिनिटाला ५,००० फेरे घेते आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २,५०० फेरे फिरतो असे धरू. पिच ८ इंच असल्यास मिनिटाला २०,००० इंच, म्हणजे तासाला सुमारे साडेतीस किलोमीटर अंतर होते. प्रत्यक्षात होडी तासाला बावीस किलोमीटर गेली, तर पाव हिश्श्याहून अधिक चाल घसरणीत गेली असे समजावे. जड होडीच्या बाबतीत हे प्रमाण याहूनही मोठे असते.

मग पिच जितका जास्त तितका वेग जास्त, असे कोणालाही वाटेल. पुष्कळांची फसगत होते ती इथेच. भरलेला ट्रक वरच्या गिअरमध्ये घाट चढू लागला तर इंजिन गुदमरते. जास्त पिचचा पंखा जड होडीला लावला की तेच घडते. मूठ पूर्ण पिळूनही फेरे वाढत नाहीत, यंत्र तापते, आत काजळी धरते. याउलट पिच फार कमी असेल, तर यंत्र मर्यादेबाहेर भन्नाट फिरते आणि होडी मात्र रेंगाळते. इंग्लंडमधील फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ साली स्क्रूसारख्या पंख्याचे पेटंट घेतले. त्याच्या लाकडी पंख्याला पूर्ण दोन वेढे होते. पुढच्याच वर्षी कालव्यातील एका फेरीत त्याचा अर्धा भाग मोडून पडला आणि नौका थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली! शोधकालाही जे कागदावर उमगले नव्हते, ते पाण्याने शिकवले.

म्हणून पंख्याची निवड पाण्यातच करावी. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत पूर्ण वेगाला किती फेरे असावेत, याच्या दोन मर्यादा दिलेल्या असतात. समजा, त्या ५,००० आणि ५,५०० आहेत. रोजची माणसे, जाळी, बर्फ आणि इंधन होडीत घेऊन, शांत पाण्यात मूठ पूर्ण पिळावी व फेरे मोजावेत. फेरे मोजण्याचे लहानसे उपकरण मेकॅनिककडे मिळू शकते. आकडा ४,८०० आला, तर पिच कमी करावा. पिच एक इंचाने घटवला की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात. तेव्हा इथे दोन इंच कमी पिचचा पंखा योग्य ठरेल. रिकाम्या होडीची चाचणी घेणे मात्र व्यर्थ आहे.

जाताना हलकी आणि येताना बांगड्यांनी भरलेली, अशा होडीने कोणते वजन प्रमाण मानावे? माझ्या मते भरलेल्या होडीचे. होडी हलकी असताना मूठ थोडी सैल ठेवली की यंत्राचे फेरे आवरता येतात. लाटा फुटत असताना खाडीच्या मुखातून भरली होडी आत आणायची असेल आणि यंत्र दमले असेल, तर त्यावर हातात कोणताच उपाय नसतो.

पंखा ॲल्युमिनियमचा घ्यावा की स्टीलचा, हे किनाऱ्यावर अवलंबून असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत. तेथे ॲल्युमिनियमचे पाते आपटले तर ते वाकते किंवा तुटते. नुकसान होते, पण ते बहुधा पंख्यापुरतेच राहते. स्टीलचे पाते टिकाऊ व महाग असते, मात्र ते सहजी वाकत नसल्यामुळे जबर धक्का आतील गिअरपर्यंत जाण्याचा धोका अधिक. जुना पंखा फेकू नये. सुस्थितीत असेल तर पाना आणि पिनेसह होडीत ठेवावा.

पंखा बदलताना त्याच्या मागील दांडा अवश्य पाहावा. जाळ्याचा बारीक नायलॉन धागा तेथे गुंडाळला जातो आणि आतील सील कापतो. गिअरचे तेल दुधाळ दिसू लागले, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे व सील बदलल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नये.