तंग, दुमची आणि रिकिबीची वादी

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या मुक्कामी शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत पागेची व्यवस्था सांगताना तो एक बारीक तपशील नोंदवून पुढे जातो : दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा, आणि एक नालबंद. मराठ्यांच्या घोडदळावर आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण या दोन माणसांपाशी फारसे कोणी थांबले नाही. मला मात्र तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. पखाल म्हणजे कातडे आणि नाल म्हणजे लोखंड. या दोन्हींशिवाय घोडदळ पागेबाहेर पडत नव्हते.

सभासदाच्या आकड्यांवरून हिशेब मांडून पाहू. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. म्हणजे एका हजारीच्या हाताखाली १,२५० घोडे. बारगीर सरकारी घोड्यावर बसणारा, त्यामुळे घोड्याचे सामानही सरकारी. तेव्हा १,२५० तंग, तितक्याच दुमच्या, तितकेच लगाम, रिकिबी अडकवायच्या २,५०० वाद्या आणि निदान ५० पखाली. हा एका हजारीचा संच. फौज दसऱ्याला बाहेर पडे, आठ महिने मुलूखगिरी करी आणि पावसाळ्याला छावणीत परते. एवढ्या काळात घामाने कुजून, ओढीने ताणून किती वाद्या तुटत असतील! छावणीसाठी दाणा, वैरण, औषधे, गवताने शाकारलेल्या पागा अशी तरतूद आधीच करून ठेवलेली असे, हेही सभासद सांगतो. फाटक्या सामानाची डागडुजी करायला वर्षात खरी सवड मिळायची ती याच चार महिन्यांत, आणि दमट हवेत बुरशी धरणाऱ्या कातड्याला जपायचे तेही याच दिवसांत.

आता घोड्याच्या पाठीकडे येऊ. बसायच्या सामानाचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. एक जीन. त्याच्या पोटात लाकडी सांगाडा असतो, वर कातडे किंवा कापड मढवलेले असते. दुसरे खोगीर. त्यात सांगाडा नाही. नमद्याच्या किंवा जाड कापडाच्या दोन लांबट गाद्या लोकर, कापूस, चिंध्या भरून शिवायच्या आणि मधोमध अशा जोडायच्या की त्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना बसतील, कण्यावर भार येणार नाही. खोगीर जागचे हलू नये म्हणून पोटाखालून तंग, छातीवरून पेशबंद आणि शेपटीखालून दुमची. घोड्याने मान उंच फेकू नये म्हणून झेरबंद. तोंडाला मोहरकी आणि लगाम. तळावर बांधायला आगाडी-पिछाडी आणि चंदी चारायला तोबरा.

लाकडी सांगाड्याचे जीन वजन नीट पसरवते, पण ते एका ठरावीक घडणीच्या पाठीलाच बसते. अरबी घोड्यासाठी घडवलेले जीन भीमथडीच्या आखूड, बांधेसूद तट्टावर घातले तर घासते आणि पाठ लागते. पाठ लागलेला घोडा पुढचे कितीतरी दिवस निकामी. खोगिराचे तसे नाही. ते मऊ असते, पाठीच्या आकाराप्रमाणे दबते, आज या घोड्यावर तर उद्या लुटीत मिळालेल्या दुसऱ्या घोड्यावर चालते. फाटले तर कुठल्याही गावात कोणीही सुई-दोरा घेऊन ते पुन्हा भरू शकतो. त्याचा दोषही तिथेच आहे : भरण दबले की भार कण्यावर येतो, म्हणून ते वरचेवर उसवून भरावे लागते. ओळीने धडक देणाऱ्या जड घोडदळाला खोगीर पुरे पडले नसते. रात्रीतून मजल मारायची, रसद तोडायची आणि गाठ पडण्याआधी निघून जायचे, या लढाईला मात्र ते चपखल बसत होते. गनिमी काव्याच्या यशात डोंगर, किल्ले आणि घोड्याची जात यांना आपण श्रेय देतो. त्या यादीत हलक्या, कुठेही दुरुस्त होणाऱ्या सामानाला जागा मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

रिकिबीची गोष्ट तर आपल्या अगदी दाराशी येते. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यातली आणि सांचीच्या तोरणांवरची घोडेस्वारांची शिल्पे अभ्यासकांनी वारंवार तपासली आहेत. इसवी सनापूर्वीच्या या शिल्पांत स्वाराच्या पायाला आधार देणारा दोरीचा किंवा कातड्याचा फास दिसतो, असे त्यांनी नोंदवले. अनवाणी पायाचा अंगठा अडकवायचा एवढाच तो आधार. बूट घालणाऱ्या थंड मुलखात अंगठ्याच्या फासाचा उपयोग नव्हता. अख्खे पाऊल पेलणारी कडक रिकीब चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकात दिसू लागते आणि तिथून पश्चिमेकडे पसरते.

लोखंडी रिकीब टिकते, तिची वादी टिकत नाही. म्हणूनच संग्रहालयांतून तलवारी, भाले, कट्यारी भरपूर आणि स्वतःच्या घोड्यावर बसणाऱ्या साध्या शिलेदाराचे खोगीर क्वचितच. जे सामान उरले ते बहुतेक जरीने मढवलेले, मिरवणुकीचे, राजेरजवाड्यांचे. ते कधी आठ महिन्यांच्या मोहिमेत घामाने भिजले नव्हते.

घोड्याच्या सामानाचे हे कातडे येत कुठून होते? मेलेले जनावर ओढून नेण्यापासून तयार सामानापर्यंतची साखळी जातींमध्ये वाटलेली होती. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाचे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मानाने बसलेले कक्कय्या याच समाजाचे आणि आजही हा समाज त्यांचे नाव अभिमानाने लावतो. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवायचे, केस सुटले की खरवडायचे, उरलेले मांस काढायचे, चुना धुऊन टाकायचा. मग बाभळीची साल आणि हिरडा. आपल्याकडची खास पद्धत अशी की कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात कुटलेली साल, हिरडा आणि पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची. कस आतून बाहेर झिरपत जातो, खाली गळलेले पाणी पुन्हा वर ओतायचे, काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची. हे सगळे दुर्गंधीत, चुन्याने सोललेल्या हातांनी. साल किती जुनी, पाणी कसले, कातडे म्हशीचे की बैलाचे, यावर कस ठरे, आणि ते बोटांना कळावे लागे. याच कातड्यातून विहिरीवरची मोट होई, पखाल होई. चांभाराच्या रापीखाली आणि आरीखाली त्याची पायताणे होत. दोरखंडे वळायचे काम मातंग समाजाकडे.

घोड्याचे सामान बांधणारा कारागीर म्हणजे जिनगर. पुण्यात आजही जिनगर आळी आहे. पेशवाईत या आळीला केवढे काम असेल, याची कल्पना पुण्यात वावरणाऱ्या सरदारांच्या पागांवरून करता येते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि गिऱ्हाईक एका पिढीत नाहीसे झाले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जिनगर भेटतात ते नाना कसबांचे कारागीर म्हणून : कोणी धातूचे ओतकाम करतो, कोणी चित्रे रंगवतो, कोणी मातीच्या मूर्ती घडवतो. मापात कापणे, मढवणे, रंगवणे, धातूची कडी बसवणे, हे सारे हातात असलेला माणूस एका धंद्याच्या मरणाने मरत नाही. पुण्याच्या गणेशमूर्तींच्या इतिहासात या घराण्यांचा वाटा आहे, आणि त्या कौशल्याची एक वाट पागेतून येते.

इंग्रजांनी मराठ्यांची शिलेदारी मात्र उचलली. १८१७ च्या पुणे तहानुसार पेशव्याच्या खर्चाने उभे राहिलेले पथक पुढे पूना हॉर्स झाले. इंग्रजी अमलातल्या अनेक रिसाल्यांत हीच शिलेदारी ‘सिलादारी’ पद्धत म्हणून चालली : भरती होणारा स्वार असामीची, म्हणजे आपल्या जागेची, रक्कम भरी आणि घोडा, जीन, पेहराव त्याच्या मालकीचे राहत. पहिल्या महायुद्धाच्या ताणाखाली ही पद्धत कोलमडली आणि नंतर बंद झाली. ती चालू होती तेव्हाही सामान गावातल्या कारागिराचे राहिले नव्हते. १८५७ च्या उठावानंतर सरकारने कानपूरला हार्नेस आणि सॅडलरीचा कारखाना काढला. गंगेचे पाणी, आसपासची बाभूळ आणि कसबी मोची तिथे होतेच. एकाच साच्याची हजारो जिने तिथून छावण्यांना जाऊ लागली. कानपूरची जिने आजही परदेशी जातात.

महाराष्ट्रात घोड्याचे सामान ढिगाने पाहायचे तर सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जावे, नाहीतर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत. तिथल्या दुकानांत नायलॉनचे लगाम, रंगीत गोंडे, घुंगरांच्या माळा यांची रेलचेल असते, कारण आता घोडा वरातीत नाचतो. कातड्याची पिशवी टांगून कस चढवायची जुनी पद्धत टिकून राहिली ती पायताणांमुळे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. बाभूळ आणि हिरड्याचे प्रमाण बोटांनी ओळखणारे वयस्क कारागीर अजून काम करत आहेत. इतिहास संशोधनाच्या संस्थांनी मोडी कागदांइतक्याच तातडीने त्यांच्याकडे जावे, कातडे कुठल्या दिवशी उलटायचे हे विचारावे आणि त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावे.