बी चोख होते, वाफसा कुठे होता?

बेडकाच्या पायातला स्नायू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहताना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या अलेक्झांडर मौरो यांना 1961 मध्ये एक चिमुकली पेशी दिसली. स्नायुतंतू आणि त्याच्याभोवतीचे पातळ पटल यांच्या फटीत ती दडपून बसलेली होती. पेशीत जवळपास सगळी जागा केंद्रकाने व्यापलेली, बाकी ऐवज जेमतेम. ग्रहाला चिकटून राहणाऱ्या उपग्रहासारखी ती दिसली, म्हणून नाव पडले सॅटेलाइट सेल. गर्भावस्थेत स्नायू घडताना ही पेशी एकजीव व्हायची राहून गेली असावी आणि दुखापतीनंतर स्नायू पुन्हा उगवतो तो हिच्यामुळे असावा, असा तर्कही मौरो यांनी आपल्या छोट्याशा टिपणात मांडला. त्याच वर्षी टोरोंटोत टिल आणि मॅककुलक यांनी उंदरांच्या प्लीहेतल्या गाठी मोजून रक्ताच्या मूलपेशींचा पुरावा दिला. रक्ताची मूलपेशी ओळखली गेली ती काय करते यावरून, स्नायूची मात्र कुठे बसते यावरून. पुढच्या सहा दशकांत या दुसऱ्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, आणि या संशोधनाला बसलेल्या बहुतेक ठेचांचे मूळ तिथेच आहे, असे माझे म्हणणे आहे.

पेशी बाहेरून आणून स्नायू दुरुस्त करण्याची कल्पना मुळात भाबडी नव्हती. स्नायुतंतू एका पेशीचा नसतो. अनेक पेशी एकमेकींत मिसळून तो लांबलचक धागा तयार होतो आणि त्यात शेकडो केंद्रके राहतात. म्हणजे रोगी तंतूत एखादी निरोगी पेशी मिसळली, तर तिच्याबरोबर निरोगी जनुकही आत शिरणार. 1987 मध्ये ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमागचे प्रथिन, डिस्ट्रॉफिन, लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत सापडले. ते नसले की प्रत्येक आकुंचनागणिक तंतूचे आवरण फाटत जाते. हा आजार बहुतांशी मुलग्यांना होतो. लहान वयात पोटऱ्या फुगल्यासारख्या दिसतात, मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहते आणि पुढे चाकाची खुर्ची येते. 1989 मध्ये टेरेन्स पार्ट्रिज, जेनिफर मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिस्ट्रॉफिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूत निरोगी पेशी टोचल्या आणि तिथले तंतू डिस्ट्रॉफिन बनवू लागले. एवढ्या पुराव्यावर माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. आज घाई वाटते, पण ज्या आईबापांसमोर दुसरा कोणताच उपाय नव्हता त्यांच्या बाजूने पाहिले तर ती समजण्यासारखी होती.

त्या चाचण्यांमध्ये जेरी मेंडेल यांच्या गटाचा 1995 चा अहवाल सर्वांत बोलका आहे. 12 मुलांच्या एका दंडात महिन्यातून एकदा, सहा महिने, दर वेळी 11 कोटी पेशी टोचल्या. दुसऱ्या दंडात नुसते द्रावण. शेवटी ताकद मोजली तेव्हा दोन्ही हातांत फरक नव्हता. एकाच मुलाच्या स्नायूत 10.3 टक्के तंतूंमध्ये दात्याचे डिस्ट्रॉफिन आढळले. इतर चाचण्यांचे निकालही याच धाटणीचे होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की दोष शरीराच्या प्रतिकारशक्तीचा होता, परक्या पेशी तिने मारल्या. त्यात तथ्य आहे. क्युबेकमध्ये स्कुक आणि त्रांब्ले यांनी पुढे टॅक्रोलिमस हे प्रभावी औषध देऊन, अगदी जवळजवळ सुया टोचून पेशी दिल्या तेव्हा डिस्ट्रॉफिनचे प्रमाण बरेच वाढले. पण त्यातूनच दुसरी अडचण उघडी पडली. पेशी सुईच्या वाटेपासून फारशा हलतच नाहीत, एक-दोन मिलिमीटरच्या टापूत अडकून राहतात. अख्ख्या मांडीत त्या पोचवायच्या तर किती सुया टोचाव्या लागतील याचा हिशेब करून पाहावा. शिवाय 1999 मध्ये बोशाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टोचलेल्या पेशींपैकी बहुसंख्य काही दिवसांतच मरतात आणि पुढचे सारे काम हळू विभागणारी मूठभर पिलावळ करते. प्रतिकारशक्ती शांत केली तरी हे दोन प्रश्न तसेच उरतात. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी ढेकूळ मुठीत दाबून बघतो. चिकटले तर अजून वाफसा नाही, पेरायची घाई करायची नाही. इथे बियाणे चोख होते, पेरणीही तबियतीने केली, पण मुठीत ढेकूळ कुणी घेतलेच नाही.

तसे कुणीच घेतले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1989 मध्येच, म्हणजे पार्ट्रिज-मॉर्गन यांच्या निबंधाच्याच वर्षी, ब्रूस कार्लसन आणि जॉन फॉकनर यांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंची अदलाबदल केली. म्हातारा स्नायू तरुण शरीरात लावला तर तो छान सावरला. तरुण स्नायू म्हाताऱ्या शरीरात गेला तर रखडला. स्नायू कोणाचा यापेक्षा घर कोणाचे याला महत्त्व होते. पहिल्या निबंधाने चाचण्यांची दारे उघडली, हा दुसरा मात्र बराच काळ वार्धक्याच्या अभ्यासकांपुरताच राहिला. 2005 मध्ये स्टॅनफर्डला कॉनबॉय दांपत्य आणि थॉमस रँडो यांनी तरुण आणि वृद्ध उंदीर शिवून त्यांचे रक्ताभिसरण एक केले. वृद्ध उंदराच्या सॅटेलाइट सेल पुन्हा तरतरीत कामाला लागल्या तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. अर्थात लक्ष गेले की बाजारही मागून येतोच. 2014 मध्ये जीडीएफ-11 हे एकच प्रथिन तारुण्याचा अर्क म्हणून गाजले आणि वर्षभरात दुसऱ्या गटाने नेमका उलटा निष्कर्ष मांडला. जमिनीचे माहात्म्य सांगणाऱ्यांनाही जादूच्या खताचा मोह आवरत नाही, एवढेच त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नव्वदच्या दशकात टोचल्या त्या खऱ्या मूलपेशी नव्हत्याच, प्लास्टिकच्या बशीत आठवडेच्या आठवडे वाढवून थकवलेली त्यांची संतती होती. खरी मूलपेशी दिली असती तर? 2005 मध्ये शार्लट कॉलिन्स, पार्ट्रिज आणि मॉर्गन यांच्या गटाने नेमके हेच करून पाहिले. एकच तंतू, त्याच्या अंगावर जेमतेम सात सॅटेलाइट सेल, असा जसाच्या तसा उचलून दुसऱ्या स्नायूत ठेवला. त्यातून शंभराहून अधिक नवे तंतू उगवले. 2008 मध्ये हेलन ब्लाउ यांच्या प्रयोगशाळेने एकट्या पेशीने ही करामत करून दाखवली. हा पेशीचाच विजय म्हणावा, तर दोन्ही प्रयोगांत स्वीकारणाऱ्या उंदराच्या पायावर आधी किरणोत्सर्ग केलेला होता. त्याचा अर्थ मॉर्गन यांच्याच गटाने 2012 मध्ये उलगडला. यजमानाच्या स्वतःच्या सॅटेलाइट सेल निकामी झालेल्या असाव्यात पण त्यांची जागा शाबूत असावी, तेव्हा पाहुणी पेशी सर्वांत चांगली रुजते. रिकामे पण न मोडलेले घर हवे. किरणोत्सर्गाने नेमका वाफसा तयार झाला होता, तेही करणाऱ्यांना तेव्हा पुरते उमगलेले नसताना.

बशीचा मुद्दाही शेवटी जागेपाशीच येऊन थांबतो. 2010 मध्ये ब्लाउ यांच्या गटातल्या पेनी गिल्बर्ट यांनी जेलीसारख्या पदार्थाचा, खऱ्या स्नायूइतकाच लवचीक, म्हणजे सुमारे 12 किलोपास्कल ताठरतेचा थर बनवून त्यावर पेशी वाढवल्या. नेहमीच्या प्लास्टिकची ताठरता त्याच्या लाखपट भरते. मऊ थरावरच्या पेशींनी मूलपेशीपण राखले, प्लास्टिकवरच्यांनी गमावले. दोन्हीकडची पेशी एकच होती, अन्नरसही एकच, बदलली ती फक्त बैठक.

मधल्या काळात अस्थिमज्जेतून स्नायू मिळवण्याची एक आडवाट झाली. 1998 मध्ये इटलीतल्या गटाने उंदरात तशी शक्यता दाखवली आणि मज्जा-प्रत्यारोपणाने सगळ्या शरीरातले स्नायू दुरुस्त होतील अशी आशा पसरली. मग 2002 मध्ये एका रुग्णाचा दाखला आला. लहानपणी वेगळ्याच आजारासाठी त्याचे मज्जा-प्रत्यारोपण झाले होते आणि पुढे त्याला ड्यूशेन असल्याचे कळले. त्याच्या स्नायूत दात्याची केंद्रके एक टक्काही भरली नाहीत.

माझ्या मांडणीला खरा शह देणारा पुरावा वेगळाच आहे. 2000 मध्ये मायकेल रुडनिकी यांच्या गटाने पॅक्स-7 या जनुकाचे सॅटेलाइट सेलसाठी महत्त्व दाखवले. 2011 मध्ये तीन स्वतंत्र गटांनी पॅक्स-7 असलेल्या पेशी नष्ट केल्या तर दुखापतीनंतर स्नायू उगवतच नाही हे पक्के केले. बी नसेल तर जमीन कितीही कसदार असो. त्यावर 2014 मध्ये पुरा मुन्योझ-कानोव्हेस यांच्या गटाने अतिवृद्ध उंदरांच्या पेशी तरुण शरीरात घातल्या तरी त्या जाग्या होत नाहीत असे दाखवले, कारण पी-16 नावाच्या कुलपाने त्या आतूनच बंद झालेल्या असतात. 2015 मध्ये रुडनिकी यांनी आणखी एक पाऊल टाकले. डिस्ट्रॉफिन फक्त तंतूत नसते, सॅटेलाइट सेलमध्येही असते, आणि ते नसले तर विभागताना पेशीला आपली दिशाच ठरवता येत नाही. ड्यूशेन हा मूलपेशीचाही आजार निघाला.

हे सगळे मान्य करावेच लागते, आणि त्याने माझे म्हणणे सौम्य होते. पण उलटत नाही. रुडनिकी यांच्या निष्कर्षातली ‘दिशा’ म्हणजे काय? पेशी विभागताना एक लेक वरच्या पटलाला चिकटून राहते, दुसरी तंतूकडे ढकलली जाते, आणि पहिली मूलपेशी राहते, दुसरी कामाला लागते. डिस्ट्रॉफिन नसले की पेशीला आपली वर-खाली बाजू कळेनाशी होते. पेशीच्या आत सापडलेला हा दोष जागेशी असलेले नाते बिघडल्याचाच दोष आहे. शिवाय ड्यूशेनच्या स्नायूत काळ जाईल तशी चरबी आणि तंतुमय जाळे माजत जाते. 2010 मध्ये ते माजवणाऱ्या, स्नायूतच राहणाऱ्या पण स्नायू न बनणाऱ्या पेशींची ओळख पटली. गंमत म्हणजे निरोगी स्नायूत त्याच पेशी दुरुस्तीला हातभार लावतात. अशा रानात दात्याच्या पेशी सोडणे म्हणजे हरळी न काढता पेरणे.

याच कसोटीवर दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. 2015 मध्ये जुलिओ कोसू यांच्या गटाने मिलानमध्ये ड्यूशेनच्या पाच मुलांना जुळणाऱ्या भावंडांच्या पेशी धमनीतून दिल्या. जिवावर बेतले नाही, पण लाभ नगण्य झाला. आधीच्या वर्षी पॅरिसमध्ये पापण्या झुकवणाऱ्या आणि गिळणे अवघड करणाऱ्या एका उतारवयातल्या डिस्ट्रॉफीच्या 12 रुग्णांना त्यांच्याच शाबूत स्नायूंतल्या पेशी घशात टोचण्यात आल्या. बहुतेकांचे गिळणे टिकले किंवा सुधारले. त्यांच्यावर घशाची शस्त्रक्रियाही झाली होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा सारे श्रेय पेशींना देता येत नाही. तरी दोन्हींतला फरक बघण्यासारखा आहे. पॅरिसला लक्ष्य होते घशातले मोजके स्नायू. मिलानला अख्खे शरीर.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत ज्योत्स्ना धवन यांनी वर्षानुवर्षे अभ्यासला तो नेमका दुर्लक्षित विषय, ही पेशी स्वस्थ कशी राहते हा. त्याच देशात मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर स्टेम सेलची ‘पॅकेजेस’ विकली गेली. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडता असा वापर फक्त रीतसर चाचणीतच करता येतो. पाठीत किंवा शिरेत दिलेली पेशी मांडीच्या तंतूवरच्या त्या फटीत कशी पोचणार आणि पोचली तर कशी रुजणार, हा साधा प्रश्न ती पॅकेजेस नाकारायला पुरेसा आहे.

2017 मध्ये असे लक्षात आले की स्नायूतून पेशी सुटी करण्याच्या काही तासांतच तिच्या जनुकांचा सगळा कारभार पालटतो. त्यामुळे जिला वर्षानुवर्षे स्वस्थ पेशी म्हणून तपासले ती खरे तर दचकून उठलेली असे. मग स्नायू जागच्या जागी गोठवून पाहण्याच्या पद्धती आल्या. 2022 मध्ये त्यांतून दिसले की निजलेली सॅटेलाइट सेल पुस्तकांत काढतात तशी गोल किंवा लांबट गोळी नसते. तिला लांब, फाटे फुटलेले हात असतात आणि ते तंतूच्या अंगावर दूरवर पसरलेले असतात. दुखापत होताच ती ते आखडून घेते. आपण सुईत भरत आलो त्या कोट्यवधी पेशींपैकी एकीलाही ते हात नव्हते.