पक्षिनिरीक्षकाची दुर्बीण: वर्धनाकडून प्रकाशाकडे

एकोणिसाव्या शतकात पक्ष्याची ओळख पटविण्याचा शास्त्रमान्य मार्ग प्रामुख्याने बंदुकीतूनच जात असे. पक्षी मारून, त्याचे कातडे भरून आणि ते संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहिल्यावरच नोंद ग्राह्य धरली जाई. जिवंत पक्षी दुरूनच ओळखावा, हा विचार रुजण्यास जी साधने कारणीभूत ठरली त्यांत दुर्बिणीचे स्थान पहिले आहे. अमेरिकेतील फ्लॉरेन्स मेरियम यांनी १८८९ मध्ये पक्षिनिरीक्षणावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्या हाती नाटकगृहात वापरली जाणारी छोटी ऑपेरा-दुर्बीण होती. पुढे बहिर्गोल आणि डोळ्यापाशी अंतर्गोल भिंग अशी तिची साधी रचना असे, आणि प्रतिमा मोठी करू जावे तसे दिसणारे क्षेत्र झपाट्याने आक्रसत असल्यामुळे तिचे वर्धन, म्हणजे वस्तू किती पट जवळ भासते ते प्रमाण, फारसे वाढविता येत नसे.

ही अडचण लोलकांनी दूर केली. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये मांडलेल्या रचनेत काचेचे दोन लोलक प्रकाशकिरणांना वळसे देऊन उलटी प्रतिमा सुलटी करतात आणि लांब नळीचे काम आखूड जागेत भागवितात. जर्मनीतील झाइस कंपनीने एर्न्स्ट आबे यांच्या मार्गदर्शनाखाली १८९४ मध्ये अशा दुर्बिणी बाजारात आणल्या, आणि रुंद खांद्यांची ती ठेवण पुढे अनेक दशके दुर्बिणीचे प्रमाण रूप मानली गेली.

नवा निरीक्षक दुर्बीण निवडताना बहुधा वर्धनालाच भुलतो. दुर्बिणीवरील ८×४२ या आकड्यांपैकी पहिला वर्धन दाखवितो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले असता डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो, तो येथे सव्वापाच मिलिमीटर भरतो. माणसाची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर इतकीच उघडत असल्याने भिगवणच्या उघड्या जलाशयावर दुपारी १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीणही रोहितांचे थवे चांगले दाखविते. परंतु आंबोलीच्या दाट झाडीत पहाटे कर्णा शोधताना बाहुली विस्फारलेली असते आणि अडीच मिलिमीटरचा झोत तिला अपुरा पडून पक्ष्याचे रंग काळवंडतात. वर्धन वाढले की हाताचा कंपही त्याच पटीत वाढतो आणि दृष्टिक्षेत्र आकुंचते. एक किलोमीटरवर ८ पट वर्धनाच्या दुर्बिणीतून साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसत असेल, तर १० पटीच्या दुर्बिणीतून तो ११० मीटरच्या आसपास येतो, त्यामुळे पानांआड क्षणोक्षणी जागा बदलणारा वटवट्या तिच्या कक्षेत धरून ठेवणे अवघड जाते. खाडीकाठी दूरवर चरणाऱ्या तुतवारांसाठी १० पट उपयोगी ठरते, आणि जंगलात ८ पट पुरते, असा अनुभवी निरीक्षकांचा कल त्यातून घडला आहे.

भिंगाच्या आकाराइतकेच महत्त्व त्याच्या पृष्ठभागाला आहे. काच आणि हवा जेथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि असे दहा पृष्ठभाग ओलांडताना एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश वाया जातो. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर परावर्तन रोखणारा अतिसूक्ष्म थर चढविण्याची पद्धत शोधली, आणि पुढे असे अनेक थर एकावर एक देण्याचे तंत्र आल्यावर ही गळती नाममात्र उरली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरळ नळ्यांच्या, छपरासारखी धार असलेल्या लोलकांच्या दुर्बिणी लोकप्रिय झाल्या. त्या सुटसुटीत असतात आणि धूळ-पाण्यापासून बंदिस्त करणे सोपे जाते; मात्र छपराच्या दोन उतारांवरून येणारे किरण परस्परांशी किंचित विसंगत होऊन पिसांवरील बारीक रेघा पुसट होत असत. ही विसंगती सुधारणारा थर १९८८ मध्ये झाइसने आणला, तेव्हाच या रचनेची खरी गुणवत्ता प्रकटली. पोरो रचनेत हा दोष मुळातच नसल्यामुळे, बेताच्या किमतीत आजही तीच अधिक स्वच्छ प्रतिमा देऊ शकते, ही गोष्ट खरेदीदाराच्या ध्यानात क्वचितच येते. मात्र धक्का बसून लोलक सरकल्यास दोन्ही प्रतिमा जुळेनाशा होतात आणि डोके दुखू लागते, हा तिचा उणेपणा आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक कसोटी लागते ती पावसाळ्याची. कोकण आणि घाटमाथ्यावरील दमट हवेत भिंगांवर आतून बुरशी चढते, म्हणून नायट्रोजन भरून सीलबंद केलेली दुर्बीण तेथे अधिक टिकते, आणि तशी नसल्यास ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवावी लागते. चश्मा लावणाऱ्यांना पूर्ण क्षेत्र दिसण्यासाठी नेत्रिकेपासून डोळा किमान पंधरा मिलिमीटर दूर ठेवूनही प्रतिमा मिळावी लागते, आणि फुलपाखरांकडेही वळणाऱ्यांना दोन मीटरवर स्पष्ट दिसणारी दुर्बीण सोयीची ठरते.

म्हणून दुकानातील प्रखर दिव्याखाली लांबची पाटी वाचून दुर्बीण पारखणे दिशाभूल करणारे असते. संध्याकाळी झाडाच्या सावलीत, स्वतःच्या चश्म्यासह आणि हात दमेपर्यंत धरून पाहिल्यावरच तिचा प्रकाश, तिचे क्षेत्र आणि तिचे वजन यांचा खरा अंदाज येतो.