परदेशात बिऱ्हाड थाटण्याआधी

घर घ्यायचं तर ते पावसाळ्यात बघावं, असं जुनीजाणती माणसं सांगतात. ओल कुठे येते, पाणी कुठून शिरतं, ते जुलैतच कळतं. परदेशात एखाद्या स्वस्त गावी राहायला जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हाच नियम पाळायला हवा. मग ते निवृत्त जोडपं असो की लॅपटॉपवर काम करणारी तिशीतली मुलगी. बहुतेक जण मात्र ऐन हंगामात जातात, हॉटेलात उतरतात, आठवडाभर हिंडतात आणि त्या भारावलेल्या मनानं आयुष्याचा निर्णय घेतात.

धुराचे महिने

थायलंडच्या उत्तरेचं चिआंग माई हे जगभरच्या अशा मंडळींचं लाडकं शहर. नोव्हेंबर ते जानेवारी इथली हवा अगदी सुखाची असते. फेब्रुवारी संपता संपता चित्र पालटतं. आसपासच्या डोंगरांत जंगलं पेटतात, शेतकरी मक्याची धाटं जाळतात आणि शेजारच्या म्यानमार-लाओसमधला धूरही येऊन मिळतो. शहर डोंगरांच्या खोलगट भागात असल्यामुळे धुराला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत चिआंग माई कितीदा तरी पहिल्या काही क्रमांकांत असतं. मे महिन्यात पाऊस लागला की हवा निवळते. दम्याचा त्रास असलेल्या माणसानं हे शहर डिसेंबरात पाहून पसंत केलं, तर त्यानं अर्धंच शहर पाहिलं. तिथे मार्चमध्ये जावं आणि निदान महिनाभर राहावं.

रहिवाशाचा खर्च

राहायचं तेही भाड्याच्या घरात. चिआंग माईत एका खोलीचा सुसज्ज फ्लॅट महिन्याला साधारण 8 ते 15 हजार थाई बाटांना मिळतो, पण वर्षाच्या करारावर. महिन्यासाठी घ्याल तर भाडं चढं असतं. करार करताना दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं द्यावं लागतं. विजेचा दर आधीच विचारावा. सरकारी दर युनिटला 4 बाटच्या आसपास असला, तरी कित्येक इमारतींत भाडेकरूकडून 7-8 बाट घेतात. एसी लावून झोपणाऱ्याला हा फरक पहिल्याच बिलात जाणवतो.

तीच गोष्ट जेवणाची. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस जवळपास सगळ्यात असतो, भाजीतसुद्धा. शाकाहारी माणसानं पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेली ‘जे’ पद्धतीची दुकानं शोधावीत. तिथे मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. घरी रांधायचं तर वारोरोत बाजारात पिशवी घेऊन जावं, भाजी, तांदूळ, डाळ कितीला पडते ते वहीत लिहावं. महिन्याच्या त्या वहीतून जो खर्च निघेल, तोच खरा.

रुपयात पेन्शन घेणाऱ्यानं चलनाचाही विचार करावा. दहा वर्षांपूर्वी एक बाट दोन रुपयांच्या आत मिळत होता, आता त्याला अडीच रुपयांहून जास्त मोजावे लागतात. तिथे महागाई अजिबात वाढली नसती, तरी आपला खर्च तेवढा वाढलाच असता.

नियम बदलतात

थायलंडच्या दीर्घ मुदतीच्या निवृत्ती व्हिसासाठी वयाची पन्नाशी गाठलेली हवी. शिवाय बँकेत 8 लाख बाट किंवा दरमहा 65 हजार बाट उत्पन्न आणि आरोग्य विमाही लागतो. दर 90 दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतलं 49 टक्क्यांपर्यंतचंच क्षेत्र परदेशी मालकांकडे असू शकतं.

मलेशियाचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. ‘मलेशिया माय सेकंड होम’ ही योजना 2002 पासून नावारूपाला आली आणि तिच्या आधारानं कितीतरी परदेशी कुटुंबं पिनांगमध्ये स्थिरावली. 2021 मध्ये सरकारनं उत्पन्नाची अट महिना 10 हजार रिंगिटवरून एकदम 40 हजारांवर नेली. 2024 मध्ये योजनेची पुन्हा फेररचना झाली. आता रौप्य श्रेणीतही दीड लाख डॉलरची मुदत ठेव ठेवून किमान 6 लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं. आज परवडणारं गाव उद्या नियमांमुळे आवाक्याबाहेर जाऊ शकतं. म्हणून गाव निवडताना त्या देशाचे नियम गेल्या दहा वर्षांत किती वेळा बदलले, तेही तपासावं.

दुखलं-खुपलं तर

पिनांगची खरी ताकद आहे तिथली रुग्णालयं. समुद्रापलीकडच्या सुमात्राहून इंडोनेशियाचे रुग्ण मोठ्या संख्येनं उपचारांसाठी तिथे येतात. इंग्रजी सर्रास चालते. तिथल्या जॉर्ज टाउन शहरातल्या ‘लिटल इंडिया’त तमिळ खानावळींमुळे डाळभाताची सोय होते. चाचणीच्या मुक्कामात एकदा तरी साध्या तपासणीसाठी डॉक्टरकडे जाऊन यावं. नेहमीची औषधं तिथे कोणत्या नावानं मिळतात, चिठ्ठीशिवाय मिळतात का, रात्री रुग्णवाहिका बोलवायची तर फोनवर कुठली भाषा बोलावी लागते, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवावं. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी परदेशातल्या उपचारांचा खर्च देत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावं.

इकडची व्यवस्था

भारतातल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. राहण्याच्या खर्चासाठी 10 लाख रुपयांपेक्षा जास्त पाठवले, तर वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ कापते. विवरणपत्र भरल्यावर त्याचा हिशेब होतो, पण तोवर पैसा अडकतो. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. हे सगळं निघण्यापूर्वी सनदी लेखापालाबरोबर बसून नीट समजून घ्यावं.

सगळ्यात कळकळीची विनंती अशी, की जाण्यासाठी इथलं घर विकू नका. ते भाड्यानं द्या आणि तिकडे पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. परदेशी गेलेल्या कितीतरी ज्येष्ठांना पैसा पुरतो, एकटेपणा सोसवत नाही. जोडीदारांपैकी एकजण मागे राहिला तर त्यानं तिथेच राहायचं की परतायचं, हे दोघांनी आधीच मोकळेपणानं बोलून घ्यावं. महिनाभर राहून ‘हे आपल्याला जमणार नाही’ असं कळलं, तर ते पैसे वाया गेले असं मानू नये. आयुष्यभराची पुंजी चुकीच्या जागी गुंतण्यापासून त्या एका महिन्यानं वाचवलेलं असतं. आणि तिथलं सगळं ऊन-पाऊस, आजारपण, कागदपत्रं पाहूनही जावंसं वाटलं, तर खुशाल जावं. त्या निर्णयाला मग भक्कम पाया असतो.