निरोप नीट सांगावा

जुन्या मराठी पत्रांच्या शिरोभागी मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तबाचा लहान शिक्का उमटे. पत्र कोणाचे, ते मुद्रा सांगे. यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, हे मोर्तब सांगे. होळकरांच्या या नगरीत ही गोष्ट विस्ताराने सांगायला नकोच.

आज आपल्या सुपर कॉरिडॉरवरच्या कचेऱ्यांत बसणारी मुले निराळ्या साधनांनी हेच काम करीत असतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली रचलेले ‘गिट’ हे त्यांचे दप्तर. दहा जणांनी एकाच प्रोग्रामवर हात चालवला, तरी कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद त्यात राहते. हे दप्तर बहुधा दूरच्या संगणकावर असते आणि तिथवरचा रस्ता सार्वजनिक. तो निर्धोक करण्यासाठी फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी १९९५ साली ‘एसएसएच’ ही व्यवस्था काढली. पहिल्या भेटीत दूरचा संगणक आपल्या किल्लीचा ठसा दाखवतो. आपला संगणक तो वहीत टिपून ठेवतो आणि पुढे दर वेळी ताडून पाहतो. ठसा जुळला नाही की मोठ्या अक्षरांत इशारा देऊन तो वाट अडवतो.

२४ मार्च २०२३ रोजी हा इशारा जगभर अनेकांनी पाहिला. ‘गिटहब’ या कंपनीची एक गुप्त किल्ली थोडा वेळ उघड्यावर पडली होती, म्हणून कंपनीने ती बदलली. इशारा खोटा नव्हता. किल्ली बदललीच होती. पण कुलूप मालकाने बदलले की चोराने, हे संगणकाला कसे कळावे? दोन्ही शक्यता सांगून तो म्हणतो, व्यवस्थापकाला विचारा. घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलाने कोणता व्यवस्थापक गाठावा? कंपनीने नवा ठसा जाहीर केला होता. तो अक्षर अक्षर ताडून मगच जुनी नोंद खोडायची, हा खरा उपाय. परंतु पुष्कळ जण समोर येईल तो ठसा मुकाट्याने स्वीकारतात. काही तर तपासणीच बंद करून टाकतात. पहारेकरी ओरडतो म्हणून त्यालाच घरी पाठवावे, तसे हे झाले!

याचा सगळा दोष मी मुलांना देणार नाही. ‘दूरचे भांडार वाचता आले नाही’ असा गिटचा एक निरोप आहे. पत्ता चुकला, किल्ली जवळ नाही किंवा किल्ली असून अधिकार नाही, या तिन्ही दुखण्यांवर तो एकच वाक्य ऐकवतो. याउलट १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले, तेव्हाचा निरोप पाहा: अमुक तारखेपासून पासवर्ड चालत नाही, त्याऐवजी टोकन वापरा. काय झाले, केव्हापासून आणि आता काय करायचे, सारे दोन ओळींत!

सर्वांनाच सर्व सांगावे असे मात्र नव्हे. खाजगी भांडाराची चौकशी परक्याने केली तर गिटहब ‘सापडले नाही’ एवढेच म्हणते. ते आहे हेदेखील परक्याला कळू नये, हा त्यातला हेतू, आणि तो रास्त आहे. पण आपल्याच टेबलावरच्या संगणकाने कोणती किल्ली लावून पाहिली, हे मालकाला सांगण्यात कसली जोखीम? तपशील मागितला तर एसएसएच ते सांगते; पण तपशील मागता येतो, हेच नवख्याला ठाऊक नसते.

गिट मुक्त आहे. त्याच्या निरोपातील एखादे वाक्य सुधारण्याची सूचना कोणालाही पाठवता येते. मला वाटते, हे काम केवळ यंत्रज्ञांचे नाही. भयभीत माणसाला चार शब्दांत वाट दाखवण्यासाठी भाषेची जाण लागते. इंदूरच्या मराठी घरांतून ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे. आपल्या मुलांनी प्रोग्राम लिहिताना तिचाही उपयोग करावा. त्यांच्या एका स्वच्छ वाक्यामुळे कोणी तपासणी बंद न करता ठसा ताडून पाहिला, तर ते वाक्य कुलपाइतकेच उपयोगी पडले म्हणायचे.