कर्नलच्या आत (लेखांक ९) : पोलिंगची किल्ली कोणाकडे?

नेटवर्क कार्डावर पॅकेट आल्याचे प्रोसेसरला दोन रीतींनी कळते. इंटरप्टमध्ये कार्ड हाक मारते, पोलिंगमध्ये प्रोसेसर स्वतः जाऊन पाहतो. अकोल्याच्या कापूस बाजारात आडदिवशी एखादीच गाडी आली, तर मापाऱ्याला निरोप धाडणे परवडते. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की मापारी काट्यापाशीच बसलेला बरा. लिनक्समधली नॅपी ही यंत्रणा नेमके हेच करते. सलीम, ओल्सन आणि कुझनेत्सोव यांनी ती २००१ साली मांडली. पहिल्या पॅकेटला इंटरप्ट घ्यायचा, मग तो बंद ठेवून रांग उपसायची, एका खेपेला साधारणपणे ६४ पॅकेटांपर्यंत.

काट्यापाशी किती वेळ बसायचे, हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते. ते ठरवण्याची सोय म्हणजे कर्नलचा इंटरफेस, आणि खरी अडचण तिथेच आहे.

२०१३ मध्ये लिनक्स ३.११ ने बिझी पोलिंग, म्हणजे पॅकेटची वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमनेच कार्डाकडे पाहत राहणे, आणले. त्याची मुदत मायक्रोसेकंदांत, एकेका सॉकेटवर किंवा अख्ख्या यंत्रासाठी एकच ठेवता येई. पण हजारो सॉकेटांवर एकत्र लक्ष ठेवणाऱ्या ईपोलला फक्त यंत्रभराचाच आकडा लागू होई, आणि एका खेपेची मर्यादा कोडमध्येच ८ पॅकेटांवर गोठलेली होती. अमरावतीतल्या एखाद्या कॉलेजच्या सर्व्हरवर निकालाचे संकेतस्थळ आणि बॅकअप शेजारी-शेजारी चालत आहेत असे समजा. निकालासाठी आकडा वाढवला की ईपोल वापरणारा बॅकअपही प्रोसेसर फुकट फिरवू लागतो. एकाच्या तहानेसाठी साऱ्या वाड्याचे नळ उघडण्यातला हा प्रकार.

मे २०२४ च्या लिनक्स ६.९ मध्ये ही सेटिंगे प्रत्येक ईपोलला स्वतंत्रपणे, आयऑक्टल या सिस्टीम कॉलने देता येऊ लागली. त्यासाठीची रचना जेमतेम ८ बाइटांची आहे : मुदतीला ४, पॅकेटांच्या मर्यादेला २, 'पोलिंगला प्राधान्य' या खुणेला १ आणि एक रिकामा. तो रिकामा बाइट शून्य नसेल तर कर्नल विनंती सरळ परत पाठवतो. हा हट्ट वाटतो, पण शहाणपणाचा आहे. आज तिथे कचरा चालवून घेतला, तर उद्या त्या बाइटला अर्थ देताना जुने प्रोग्रॅम मोडतील, आणि एकदा दिलेला इंटरफेस लिनक्स सहसा मागे घेत नाही. मर्यादा ६४ च्या वर न्यायची तर नेटवर्क प्रशासनाचा अधिकार लागतो, म्हणजे साधा प्रोग्रॅम एका खेपेत शेजाऱ्याचा फार वेळ खाऊ शकत नाही.

कार्डाच्या बाजूचे दोन आकडे, म्हणजे इंटरप्ट किती वेळा पुढे ढकलायचा आणि किती काळ थांबायचे, हे अख्ख्या कार्डाला एकच होते. कार्डाला रांगा मात्र अनेक. २०२५ च्या जानेवारीतल्या ६.१३ ने नेटलिंक या कर्नलशी बोलण्याच्या मार्गाने ते प्रत्येक नॅपीला, म्हणजे साधारणपणे प्रत्येक रांगेला, वेगळे दिले. शिवाय प्रोग्रॅम स्वतः पोलिंग करत असेतोवर इंटरप्ट स्थगित ठेवणारी नवी मुदतही जोडली. एक खोड तेवढी राहिली : या मुदती नॅनोसेकंदांत, ईपोलची मायक्रोसेकंदांत. तीन शून्ये विसरणारा प्रशासक तासन्‌तास चुकीच्या जागी दोष शोधतो.

कार्डाचे ते दोन आकडे पूर्वी ज्या फायलींत लिहीत, त्या जुन्या फायली अजून जागेवर आहेत. तिथे आकडा लिहिला की तो त्या कार्डाच्या सगळ्या नॅपींवर बसतो, नेटलिंकने वेगळे दिलेले आकडे पुसून.